फिलिपाइन बेटांतील हस्तकला : एक ऐतिहासिक साधन

१. प्रास्ताविक

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे दप्तरें, बखरी, शकावल्या, ताम्रपट, शिलालेख व नाणीं हींच आपल्या डोळ्यांपुढें प्रथम येतात. रुमाल सोडावा, कागद उलगडावा, मोडी लावावी आणि मिति ताडून पाहावी, ही आपली परिचयाची वाट आहे. परंतु ज्या देशांत लिहिण्याची कला घरोघर होती, पण लिहिण्याचें साहित्य बांबू व ताडपत्र एवढेंच असल्यामुळें दमट हवा व वाळवी यांपुढें तें टिकलें नाहीं, त्या देशाचा जुना इतिहास कोठें शोधावा, हा प्रश्न संशोधकांनीं विचारांत घेण्यासारखा आहे. फिलिपाइन बेटें हें त्याचें ठळक उदाहरण होय.

या देशांत २०१६ सालीं झालेल्या मोजणीप्रमाणें ७,६४१ बेटें आहेत. उत्तरेस लुझोन, मध्यभागीं विसाया बेटांचा समूह व दक्षिणेस मिंदानाव व सुलू अशी त्यांची ढोबळ विभागणी करतात. १५६५ पासून १८९८ पर्यंत तेथें स्पेनची व त्यानंतर १९४६ पर्यंत अमेरिकेची सत्ता होती. १९४५ च्या फेब्रुवारी महिन्यांत मनिला शहरासाठीं जें युद्ध झालें त्यांत तेथील राष्ट्रीय ग्रंथसंग्रह व वस्तुसंग्रह यांचा फार मोठा भाग जळून गेला. अशा रीतीनें हवामानानें जें वांचलें त्यांतील पुष्कळसें अग्नीनें नेलें.

तरीहि तेथील इतिहास मुका नाहीं. कापड, लांकूड, माती, पितळ व बांबू यांवर कारागिरांच्या पिढ्यांनीं जें काम केलें तें तेथील दप्तरच होय, असें आमचें मत आहे. मात्र या दप्तराचा एक विशेष असा कीं, त्याचीं पानें वस्तूंत असलीं तरी त्यांचा अर्थ वस्तूच्या बाहेर असतो. वस्तु कोणत्या गांवची, कोणत्या लोकांनीं, कोणत्या प्रसंगासाठीं केली, हें ज्ञात असेल तोंवरच ती बोलते. तें ज्ञान तुटलें कीं उरते ती केवळ शोभेची चीज. प्रस्तुत लेखांत हें विधान निरनिराळ्या प्रांतांतील उदाहरणांनीं स्पष्ट करण्याचें योजिलें आहे.

२. ताम्रपट व बांबूवरील लेख

आपल्या ओळखीच्या साधनापासून आरंभ करूं. १९८९ सालीं लुझोन बेटावरील लागुना प्रांतांत लुंबांग नदीच्या मुखाशीं वाळू उपसतांना तांब्याचा एक काळवंडलेला पत्रा निघाला. त्याचा आकार सुमारें २० सेंटिमीटर बाय ३० सेंटिमीटर असून त्यावर दहा ओळी कोरलेल्या आहेत. लिपि जावा बेटांतील जुनी कावी, भाषा जुनी मलय, व तिच्यांत संस्कृत, जुनी जावानी व जुनी तागालोग यांचे शब्द मिसळलेले. हा लेख आंतून पोस्तमा या डच विद्वानांनीं वाचला. शक ८२२, वैशाख वद्य चतुर्थी, सोमवार ही त्याची मिति, म्हणजे इ.स. ९०० च्या एप्रिलची २१ तारीख. आरंभींचें ‘स्वस्ति’, पुढें ‘शक’, ‘वैशाख’, ‘चतुर्थी’, ‘कृष्णपक्ष’ व ‘सोमवार’ हे शब्द आपल्याकडील कोणाहि ताम्रपटवाचकास दुभाष्यावांचून कळतील.

लेखाचा आशय असा आहे कीं, नामवरान नांवाच्या गृहस्थावर सोन्याचें जें देणें होतें त्यांतून त्याच्या वंशजांसह त्याची सुटका करण्यांत आली. देण्याची रक्कम १ काटी व ८ सुवर्ण अशी दिली आहे. आपल्या दप्तरी भाषेंत सांगावयाचें तर ही एक फारखत होय. त्यांतील ‘तुंडुन’ म्हणजे मनिलालगतचें तोंदो असें विद्वान मानतात. या एका पत्र्यामुळें फिलिपाइन बेटांचा लिखित इतिहास स्पॅनिश लोकांच्या आगमनापूर्वीं सहा शतकांहून अधिक मागें गेला.

परंतु हा पत्रा शास्त्रशुद्ध उत्खननांत निघाला नाहीं. वाळू उपसणाऱ्यांकडून तो जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे गेला व तेथून मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आला. तो कोणत्या थरांत होता व जवळपास आणखी काय होतें, हें आतां कळण्यास मार्ग नाहीं. लेखांतील शेवटचें वाक्य अपुरें तुटतें, यावरून दुसरा पत्रा असावा असें अनुमान निघतें. पण तो त्या वाळूंत होता कीं नव्हता याचा निर्णय करण्याची संधि उपसणीबरोबरच गेली. असाच प्रकार मिंदानाव बेटावरील आगुसान प्रांतांत १९१७ सालीं सांपडलेल्या सुवर्णमूर्तीचा. सुमारें २१ कसाच्या सोन्याची, पावणेदोन किलोहून अधिक वजनाची ही बैठी स्त्रीमूर्ति आज शिकागो येथील फील्ड संग्रहालयांत आहे. ती बौद्धांची तारा कीं दुसरी कोणी देवता, याविषयीं मतभेद चालू आहेत. कारण तिच्या परिवारांतील दुसरी एकहि मूर्ति तिच्या जोडीला मिळालेली नाहीं.

आतां लिपीकडे वळूं. तागालोग लोकांची जुनी लिपि बायबायिन या नांवानें ओळखली जाते. तिच्यांत तीन स्वर व चौदा व्यंजनें मिळून सतरा अक्षरें आहेत. प्रत्येक व्यंजनांत अकार अंगभूत असतो. वर टिंब दिलें कीं इ अथवा ए, खालीं दिलें कीं उ अथवा ओ. आपल्या वेलांटी–उकारांची ही थोडक्यांत केलेली आवृत्तीच दिसते, व ती ब्राह्मीच्या कुळांतील आहे हें सांगावयास नको. परंतु तिच्यांत हलन्ताची सोय नव्हती. शब्दाच्या अथवा अवयवाच्या शेवटचें व्यंजन लिहितच नसत. पर्वतवाचक ‘बुंदोक’ हा शब्द ‘बुदो’ एवढाच लिहिला जाई, व वाचणारानें संदर्भानें तो भरून घ्यावयाचा. १६२० च्या सुमारास फ्रांसिस्को लोपेझ या पाद्र्यानें अक्षराखालीं क्रूसाचें चिन्ह देऊन ही उणीव भरून काढण्याचा यत्न केला. पण तद्देशीयांनीं तो फारसा उचलला नाहीं. ज्याला भाषा येते त्याला उणीव भासत नाहीं, आणि ज्याला येत नाहीं त्याला लेख लागत नाहीं. मोडी वाचणारांस हा अनुभव नवीन नसावा.

१५९३ सालीं मनिला येथें छापलेल्या ‘दोक्त्रिना क्रिस्तियाना’ या ख्रिस्ती धर्मपुस्तकांत रोमन लिपीबरोबर ही लिपीहि आहे. पेद्रो चिरिनो या जेसुइट ग्रंथकारानें १६०४ सालीं प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतांत, येथील बहुतेक पुरुषांस व स्त्रियांस लिहितां-वाचतां येतें, असें नमूद केलें आहे. असें असूनहि या लिपींतील जुने कागद हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत. मनिला येथील सांतो तोमास विद्यापीठाच्या दप्तरखान्यांत १६१३ व १६२५ सालचीं जमिनीचीं दोन खरेदीखतें आहेत. त्यांत व्यवहार करणाऱ्या पक्षांत स्त्रियांचीं नांवें आहेत, ही गोष्ट सामाजिक इतिहासाच्या दृष्टीनें ध्यानांत घेण्यासारखी आहे. हीं खतें २०१४ सालीं राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झालीं.

ही लिपि नगरांतून लोपली. तिच्या भगिनी मात्र मिंदोरो बेटाच्या डोंगरांत व पालावान बेटांत जिवंत राहिल्या. मिंदोरोच्या हानुनुओ मांग्यान लोकांत तरुण मुलेंमुली चाकूच्या टोंकानें बांबूवर अक्षरें कोरावयास शिकतात, तीं बहुधा प्रणयगीतें लिहितां यावीं म्हणून. त्यांच्या ‘आंबाहान’ नांवाच्या पद्यांत प्रत्येक चरण सात अक्षरांचा व अंत्य यमक सारखें असतें. हीं पद्यें बांबूच्या नळ्यांवर व पानसुपारीबरोबर लागणाऱ्या चुन्याच्या डब्यांवरहि कोरतात. त्यांतील एकेक बांबू अल्पायुषी असला तरी आवडलेलें पद्य दुसरा मनुष्य आपल्या बांबूवर उतरून घेतो. त्यामुळें मूळ प्रत नष्ट होऊनहि पाठ टिकतो. जतनापेक्षां नक्कल करण्यानेंच येथें ग्रंथरक्षण झालें. गिनाव बिलोग या मांग्यान कवीस १९९३ सालीं त्या देशाचा ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा सन्मान मिळाला, व १९९९ सालीं या लिपींस युनेस्कोच्या जागतिक स्मृतिपटांत स्थान मिळालें. वर सांगितलेले पोस्तमा हे याच मांग्यान लोकांत दीर्घकाळ राहिले होते. ताम्रपट वाचणारा विद्वान आणि बांबूवरील गाणीं गोळा करणारा मनुष्य एकच असावा, हा योगायोग नव्हे. जिवंत परंपरेचा परिचय जुन्या लेखाच्या वाचनास कसा उपयोगीं पडतो याचें तें निदर्शक आहे.

३. वस्त्रें

ज्यांवर अक्षर नाहीं अशा वस्तूंत पहिला मान वस्त्रांस दिला पाहिजे. रोंब्लोन प्रांतांतील बान्तोन बेटावरच्या एका गुहेंत लांकडी शवपेटींत एक वस्त्राचा तुकडा सांपडला. तो इसवी सनाच्या १३ व्या अथवा १४ व्या शतकांतील असून तांबडा, पांढरा व काळा अशा तीन रंगांत आहे. त्याची नक्षी विणून उठविलेली नाहीं. ताण्याचे धागे अगोदर जागजागीं बांधून, रंगांत बुडवून, मग विणलेले आहेत. पाटणच्या पाटोळ्यांत ताणा व बाणा दोन्ही असे बांधून रंगवितात. येथें केवळ ताणा बांधला आहे. आग्नेय आशियांतील या जातीच्या उपलब्ध वस्त्रांत हें अत्यंत जुनें गणलें जातें.

आतां याच्या शेजारीं दक्षिण मिंदानावमधील सेबू सरोवराकांठच्या तिबोली स्त्रियांचें ‘तिनालाक’ हें वस्त्र ठेवून पाहावें. हेंहि ताणा बांधूनच रंगविलेलें, व रंगहि तेच तीन. धागा आबाका नांवाच्या झाडाचा. हें झाड केळीच्या कुळांतील. त्याच्या बुंध्याचे पदर सोलून, खरवडून, वाळवून त्यांतील तंतु वेगळे करतात व एकाला एक गांठी मारून लांब धागा सिद्ध करतात. काळा रंग किनालुम व तांबडा लोको या झाडांपासून काढतात. नैसर्गिक तंतूचा रंग हाच पांढरा. मागाचें एक टोंक घराच्या खांबास व दुसरें पट्ट्यानें विणणारीच्या कमरेस बांधलेलें असतें. ताण्याचा ताण तिनें आपल्या शरीरानें सांभाळावयाचा. विणून झाल्यावर वस्त्र कवडीनें घोटतात, म्हणजे त्यास झळाळी येते. नक्षी कागदावर काढीत नाहींत. ती विणणारीस स्वप्नांत दिसते, आबाकाची अधिष्ठात्री देवता फू दालू ती देते, अशी समजूत आहे. आणि एकदां मिळालेली नक्षी आईकडून मुलीकडे जाते. पूर्ण वस्त्र कापूं नये, व विकणें झाल्यास देवतेच्या शांतीसाठीं त्यास पितळेची कडी बांधावी, असा रिवाज सांगतात. लांग दुलाय या प्रसिद्ध विणकरणीस, ज्यांस १९९८ सालीं वरील राष्ट्रीय सन्मान मिळाला व ज्या २०१५ सालीं निवर्तल्या, शंभराच्या घरांत नक्षी मुखोद्गत होत्या. बान्तोन व सेबू सरोवर यांमध्यें समुद्राचें मोठें अंतर आहे, व काळाचें तर सहाशें वर्षांचें; म्हणून एकाचा दुसऱ्याशीं थेट वंशसंबंध जोडण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. परंतु ही कला या बेटांत बाहेरून अलीकडे आलेली नव्हे, एवढें त्या जोडीवरून निश्चित होतें.

येथें संग्राहकांनीं एक भेद ध्यानांत ठेवावा. आबाकाचा ताणा बांधून विणणारे केवळ तिबोलीच नव्हेत. शेजारचे ब्लान लोक ‘ताबिह’ व दावावकडील बागोबो लोक ‘इनाबाल’ विणतात. ब्लानांपैकीं याबिंग मासालोन दुलो व बागोबोंपैकीं सालिंता मोनोन यांसहि तोच सन्मान मिळाला होता. बाजारांत हीं सर्व वस्त्रें पुष्कळदां एकाच नांवानें विकलीं जातात, आणि तसें झालें कीं तीन लोकसमूहांचा इतिहास एका चिठ्ठीखालीं गाडला जातो.

मध्य फिलिपाइन्समधील आक्लान प्रांताचें ‘पिन्या’ वस्त्र याहून अगदीं निराळें. तें अननसाच्या पानांच्या तंतूंचें असतें. पान लांकडी फळीवर ठेवून फुटक्या चिनी मातीच्या बशीच्या धारेनें त्याचा वरचा थर खरवडतात, तेव्हां जाडा तंतु निघतो. मग नारळाच्या करवंटीच्या तुकड्यानें खरवडल्यावर आंतील केसासारखा तलम तंतु हातीं येतो. या तंतूंस गांठी मारून विणलेलें कापड इतकें पारदर्शक असतें कीं त्यावर लागुनांतील लुंबान व बातांगासमधील ताल या गांवच्या कशिदेकऱ्यांचें पांढऱ्यावर पांढरें भरतकाम उठून दिसतें. ‘बारोंग’ नांवाचा तेथील सदरा याच कापडाचा उत्तम समजतात. २०२३ सालीं या विणकामास युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या सूचींत स्थान मिळालें. कालनिर्णयाच्या दृष्टीनें याचें महत्त्व असें : अननस हें फळ मूळचें अमेरिकेंतील असून तें स्पॅनिश लोकांबरोबर या बेटांत आलें. अर्थात् कोणतेंहि पिन्या वस्त्र १६ व्या शतकापूर्वींचें असूं शकत नाहीं, मग विकणारा त्याची कितीहि प्राचीन परंपरा सांगो. त्याचप्रमाणें ज्या वस्त्रांत कोळशाच्या डांबरापासून केलेले रंग असतील तें १८५६ नंतरचें, कारण त्या सालीं अशा रंगाचा प्रथम शोध लागला. वस्तूच्या द्रव्यांतच तिची मिति लपलेली असते, ती अशी.

उत्तरेस इलोकोस प्रांतांत सुताचें ‘इनाबेल’ विणतात. तेथें कापसाला ‘कापास’ म्हणतात. हा शब्द व आपला ‘कापूस’ दोन्ही संस्कृत ‘कर्पास’ या एकाच मुळाचे. तागालोग भाषेंत रेशमास ‘सुतला’ म्हणतात, त्याचें मूळ ‘सूत्र’. हे शब्द बहुतेक मलय भाषेच्या वाटेनें तेथें पोंचले. इनाबेलमधील ‘बिनाकोल’ या नक्षींत सरळ रेषांचेच चौकोन असे लहानमोठे करीत नेतात कीं पाहणाराच्या डोळ्यांपुढें भोंवरा फिरूं लागतो. दुष्ट पिशाच्चें यानें गोंधळून परततात, अशी भावना आहे.

अगदीं दक्षिणेस सुलू बेटांत ताउसुग स्त्रिया ‘पिस स्याबित’ हा डोक्यास बांधण्याचा चौकोनी रुमाल विणतात, व त्याजवळच्या बासिलान बेटांत याकान लोकांचें बारीक विणकाम चालतें. १९७० नंतरच्या दशकांतील लढायांमुळें पुष्कळ याकान कुटुंबें बासिलान सोडून झांबोआंगा शहरालगत येऊन राहिलीं व तेथें विणूं लागलीं. अशा वेळीं ‘झांबोआंगा येथें घेतलें’ एवढीच नोंद असेल तर ती खरी असूनहि दिशाभूल करील. वस्त्र याकान आहे, व तें तेथें कां विणलें गेलें याचें उत्तर एका युद्धाच्या इतिहासांत आहे.

४. लांकूड, माती व धातु

लुझोनच्या उत्तरेकडील डोंगरांत इफुगाव लोकांनीं भातशेतीसाठीं केलेल्या पायऱ्या १९९५ पासून जागतिक वारशाच्या सूचींत आहेत. त्या भाताच्या कोठारांत ‘बुलुल’ नांवाच्या लांकडी मूर्ति ठेवतात. त्या बहुधा स्त्री-पुरुष अशा जोडीनें असतात. कोठारांतील धान्य राखावें व वाढवावें हें त्यांचें काम. कोरलेलें लांकूड तेवढ्यानें बुलुल होत नाहीं. ‘मुंबाकी’ म्हणजे त्यांचा पुरोहित बुलुलांच्या उत्पत्तीची कथा म्हणतो, तांदळाची दारू वाहतो, डुकराचें रक्त मूर्तीस लावतो, तेव्हां ती प्रतिष्ठित होते. आपल्याकडील प्राणप्रतिष्ठेशीं याचें साम्य उघड आहे. पिढ्यान्पिढ्या चढलेल्या या लेपामुळें जुन्या मूर्तीस एक गडद झांक येते. संग्राहक त्या झांकेस मोल देतात हें कळल्यापासून नवीन मूर्तींस धुरानें काळें करण्याची विद्या बाजारांत निघाली. याहून हानि ही कीं, खऱ्या जोड्या फुटल्या. एक मूर्ति एका खंडांत व दुसरी दुसऱ्या खंडांत गेली, आणि कोणत्या कोठाराची, कोणत्या घराण्याची, हें सांगणारा कोणी उरला नाहीं. पहिलें पान एकाकडे व शेवटचें दुसऱ्याकडे गेलेल्या पोथीसारखीच ही अवस्था होय.

मिंदानावमधील लानाव सरोवराच्या परिसरांत मारानाव लोकांची ‘ओकिर’ नांवाची वेलबुट्टी प्रसिद्ध आहे. त्यांच्या सरदारांच्या ‘तोरोगान’ नांवाच्या वाड्यांत तुळयांचीं टोंकें नौकेच्या नाळेप्रमाणें बाहेर काढून त्यांवर नाग व नेच्याचीं वळणदार पानें कोरतात. हा ‘नाग’ आपलाच शब्द होय. याच लोकांत ‘महाराडिया लावाना’ ही रामायणाशीं नातें सांगणारी कथा प्रचलित होती; तिच्यांतील लावाना म्हणजे रावण. मारानाव लोक शतकानुशतकें मुसलमान आहेत. धर्म बदलला तरी तुळईवरचा नाग व कथेंतील रावण राहिले, हें संस्कृतींच्या थरांचें शिक्षण लांकडाच्या एका टोंकावरून मिळतें.

त्याच सरोवराकांठीं तुगाया हें तांबट-ओतारी कामाचें गांव आहे. मेणाचा नमुना करून, त्यावर मातीचा लेप देऊन, मेण वितळवून काढावें व त्या पोकळींत पितळ ओतावें, ही त्यांची पद्धति. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या १२ व्या शतकांतील ‘मानसोल्लास’ या ग्रंथांत मूर्ति ओतण्याची जी कृति वर्णिली आहे ती तत्त्वतः हीच. तुगायाचे कारागीर पानाचे डबे व ‘कुलिंतांग’ या ओळीनें मांडलेल्या घंटावाद्याचे तुकडे ओततात. २०१७ सालीं जवळच्या मारावी शहरांत पांच महिने लढाई होऊन तें उद्ध्वस्त झालें; त्यांत कित्येक मारानाव कुटुंबांचें परंपरागत पितळी सामान व वस्त्रें गेलीं. ज्यांची नोंद कोठें झालेली नव्हती तीं गेलीं हें सिद्ध करण्यासहि आतां पुरावा नाहीं.

मातीकामाचीं दोन उदाहरणें पुरेत. पालावान बेटांतील गुहांत १९६४ सालीं मानुंगुल कुंभ मिळाला. तो इ.स.पूर्व ८९० ते ७१० या काळांतील असून त्याच्या झांकणावर नौकेंत बसलेलीं दोन माणसें आहेत. मृताचा परलोकाकडे जलप्रवास, ही कल्पना तीन हजार वर्षांच्या सुमारास तेथें होती हें त्यावरून समजतें. हा कुंभ संशोधकांनीं जागेवरून उचलल्यामुळें त्याचें स्थान व काळ दोन्ही सांगतां येतात. आगुसानच्या सुवर्णमूर्तीविषयीं हें म्हणतां येत नाहीं. दुसरें उदाहरण इलोकोसमधील विगान शहराच्या ‘बुर्नाय’ रांजणांचें. ही कला चिनी लोकांनीं आणली. माती रेड्यांकडून तुडवून घेतात, आणि भट्टींतून निघालेले रांजण उसाची दारू, शिर्का व खारविलेली मासळी ठेवण्यास वापरतात. लागुनांतील पाएते या गांवाचें नांवच छिन्नीवाचक ‘पाएत’ शब्दावरून पडलें असून तेथें देवळांसाठीं संतांच्या लांकडी मूर्ति व सणांसाठीं लगद्याचीं रंगीत खेळणीं होतात.

५. मनिला आणि गोवें

आतां जो विषय आपल्या वाचकांच्या घराशीं येऊन भिडतो त्याकडे वळूं. मनिला येथें हत्ती नाहींत. तरी तेथील हस्तिदंती ख्रिस्ती मूर्ति जगभर गेल्या. दांत व्यापारानें बाहेरून येत, व कोरणारे बहुतांशीं मनिलाच्या पारियान पेठेंतील चिनी कारागीर असत. मनिलाचा बिशप दोमिंगो दे सालाझार यानें १५९० सालीं स्पेनच्या राजास लिहिलेल्या पत्रांत त्यांच्या या कौशल्याची तोंड भरून स्तुति केली आहे. १५६५ पासून १८१५ पर्यंत मनिला व मेक्सिकोंतील आकापुल्को यांमध्यें जीं गलबतें चालत त्यांतून हा माल अमेरिकेस व पुढें स्पेनला जाई.

त्याच काळांत गोव्यासहि ख्रिस्ती हस्तिदंती काम भरभराटीस आलें होतें. गोव्याच्या ‘सज्जन मेंढपाळ’ मूर्ति, ज्यांत बाल येशू खडकांच्या उतरंडीवर बसलेला असतो, या सुप्रसिद्ध आहेत. मनिलाच्या कामांत पापण्या जड व उतरत्या, आणि मानेवर बौद्ध मूर्तींप्रमाणें वळ्या आढळतात. तथापि हीं लक्षणें एकमेकांत मिसळतात, व निव्वळ रूपावरून निर्णय करणें पुष्कळदां कठीण जातें. अशा वेळीं मूर्तीबरोबरचा कागदच, मग ती देवळाची यादी असो, वारसपत्र असो कीं खरेदीची पावती असो, निर्णायक ठरतो.

दुसरा दुवा घरांच्या खिडक्यांचा. मनिलाच्या व आसपासच्या जुन्या घरांत लांकडी चौकटींत ‘कापिस’ नांवाच्या चपट्या, अर्धपारदर्शक शिंपा तावदानांऐवजीं बसवीत. गोमंतकांतील जुन्या घरांच्या व देवळांच्या खिडक्यांत हेंच आढळतें, व शिंपेची जातीहि तीच. कांच महाग असलेल्या काळीं प्रकाश आंत घेऊन ऊन बाहेर ठेवण्याचा हा उपाय दोन्हींकडे सारखाच उपयोगीं पडला.

६. नांवांचा घोटाळा

बंदराचें नांव मालास चिकटावें व करणाराचें पुसलें जावें, हा व्यापाराचा नेहमींचा खेळ आहे. ‘मनिलाची शाल’ म्हणून स्पेनमध्यें जी प्रसिद्ध आहे ती चीनमधील रेशमी भरतकामाची. मनिला हें केवळ वाटेवरचें बंदर. आबाकाच्या दोरास ‘मनिला हेंप’ म्हणत, वास्तविक आबाकाचा भांगेच्या कुळाशीं संबंध नाहीं. आपल्या कचेऱ्यांत ज्यास मनिला कागद म्हणतात तो मूळ या आबाकाच्या जुन्या दोरांपासून होई. आतां नांव तेवढें राहिलें व तंतु बहुधा निराळा. खऱ्या आबाकाचा पातळ पण चिवट कागद जुन्या दस्तऐवजांच्या डागडुजीस अद्यापि वापरतात.

याच्या उलट, नीट नोंदलेल्या चित्राचें मोल काय असतें तें १५९० च्या सुमारास तयार झालेल्या एका सचित्र हस्तलिखितावरून दिसतें. बॉक्सर या इतिहासकारांनीं तें १९४७ सालीं लिलावांत घेतलें म्हणून त्यास त्यांचें नांव पडलें. तें आज अमेरिकेंतील इंडियाना विद्यापीठाच्या लिली ग्रंथालयांत आहे. त्यांत तागालोग, गोंदलेले विसाया, सांबाल व कागायान येथील लोक यांचीं रंगीत चित्रें असून त्या त्या लोकांचीं नांवें दिलेलीं आहेत. चित्रकारानें नांवें घातलीं नसतीं तर तीं चित्रें सुंदर राहिलीं असतीं, पण पोशाख, दागिने व गोंदण यांच्या अभ्यासकास तीं निरुपयोगी झालीं असतीं.

७. संग्राहकांस विनंति

त्या देशानें या ठेव्याच्या रक्षणासाठीं कायदे केले आहेत. १९९२ च्या कायद्यानें परंपरागत कारागिरांस ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणून गौरविण्याची योजना झाली, व त्या गौरवाबरोबर शिष्य तयार करण्याचें कर्तव्यहि जोडण्यांत आलें. १९९७ च्या कायद्यानें आदिवासी लोकसमूहांचे आपल्या ज्ञानावरील हक्क मान्य झाले. २०१० सालीं संमत झालेल्या सांस्कृतिक वारशाच्या कायद्यानें जुन्या वस्तु परवान्यावांचून देशाबाहेर नेण्यास प्रतिबंध केला. संग्राहकानें या परवान्याकडे केवळ अडचण म्हणून पाहूं नये. तो परवाना म्हणजे वस्तूच्या कुळकथेचें एक पानच आहे.

वरील विवेचनावरून नोंदीचीं कांहीं कलमें सहज निघतात. (१) वस्तु कोणत्या लोकसमूहाची, हें त्यांच्या स्वतःच्या नांवानें लिहावें. प्रांताचें अथवा बंदराचें नांव त्याऐवजीं चालणार नाहीं. (२) वस्तूचें तिच्या भाषेंतील नांव व उपयोग लिहावा. (३) कोठें केली व कोठें मिळाली, हीं दोन स्थळें स्वतंत्र नोंदावीं. (४) द्रव्य, तंतु व रंग तपासून त्यांवरून निघणारी कालमर्यादा लिहावी, आणि सांगोवांगीचें प्राचीनत्व वेगळें ठेवावें. (५) जोडी, संच अथवा परिवार असेल तर तो फोडूं नये; फुटलेला असल्यास दुसरा भाग कोठें आहे तें नमूद करावें. (६) मध्यंतरींच्या मालकांच्या पावत्या व पत्रें वस्तूइतक्याच काळजीनें जपावीं.

शेवटीं एक विशेष विनंति. गोमंतकांत व कोंकणपट्टींत ज्यांच्या घरीं अथवा ज्यांच्या ताब्यांतील प्रार्थनामंदिरांत हस्तिदंती मूर्ति असतील, त्यांनीं त्यांबरोबरच्या जुन्या यादी, पोर्तुगीज व मोडी कागद आणि वारसपत्रें चाळून, मूर्ति कोठून व केव्हां आल्याचा उल्लेख सांपडल्यास त्याची नक्कल करून प्रसिद्ध करावी. मनिलाचें काम कोणतें व गोव्याचें कोणतें, या वादांत अशा चार ओळींचा एक अस्सल कागद शंभर अनुमानांहून अधिक उपयोगीं पडेल. मूर्ति घासून उजळ करण्यापूर्वीं त्या खालीं, पाठीमागें अथवा बैठकीच्या पोकळींत कांहीं लिहिलें आहे काय, तेंहि अवश्य पाहावें.